शेअर पडला म्हणून सॉफ्टवेअर शिकायचं सोडू का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. मुलगा इथे सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या बाजूला राहतो. घरात टॉवेलचे चार माग आहेत, वडील आणि काका मिळून चालवतात. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडे टॅली शिकून गेला. आता जॅकार्डचे, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीचे, ग्राफ संगणकावर काढता यावेत म्हणून एका परदेशी कंपनीचं डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकतो आहे. फी अठरा हजार, त्यातले नऊ भरून झालेत. आवाज पडलेला होता. "मॅडम, आजच्या पेपरात आलंय, त्या कंपनीचा शेअर कोसळला. उरलेले नऊ हजार भरू का? पप्पा म्हणतात, बाजारात चालत नाही ते शिकून काय करणार?"

बातमी आपल्याच दैनिकातली. सकाळी वाचतानाच मथळा मला खटकला होता. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरकडे 'बाजाराची पाठ' असे शब्द त्यात होते. मी रद्दीच्या वरचा अंक पुन्हा काढला आणि त्याला फोनवर सगळी बातमी वाचून दाखवली. सॉफ्टवेअर वापरणारे कमी झाले, असं त्यात एकाही ओळीत नाही. उलट शेवटच्या परिच्छेदात कंपनीचं तिमाही उत्पन्न मागच्या वर्षीपेक्षा वाढल्याचा आकडा आहे. माल जास्त विकला गेला आणि मथळा सांगतो, बाजाराने पाठ फिरवली.

संपादक महोदय, माझी तक्रार या 'बाजार' शब्दाबद्दल आहे. मी साखर पेठेत वाढले. चाटी गल्लीत एखाद्या चादरीकडे बाजाराने पाठ फिरवली म्हणजे गठ्ठे उठत नाहीत, गुलबर्ग्याचा व्यापारी माल परत पाठवतो, कारखानदार माग बंद ठेवतो. मागावर बसणाऱ्या माणसाला 'बाजार' शब्दाचा एवढाच अर्थ ठाऊक आहे आणि तो खरा अर्थ आहे. शेअर बाजारात सॉफ्टवेअर विकलं जात नाही. तिथे कंपनीच्या मालकीचे तुकडे विकले जातात, आणि घेणारा माणूस आजच्या मालाला नव्हे, पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या नफ्याच्या अंदाजाला पैसे मोजतो. दोन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो. त्या एका शब्दापायी एक वीस वर्षांचा मुलगा अर्ध्यावर आलेलं शिक्षण सोडायला निघाला होता. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते लांबणार आहे.

मी १९९३ पासून या शहरात दुकानदारांना आणि त्यांच्या दिवाणजींना संगणकावर हिशेब लिहायला शिकवते. चाटी गल्ली, नवी पेठ, मार्केट यार्ड, अक्कलकोट रोडची एमआयडीसी. सुरुवातीला काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि शेजारी लाल कापडाच्या बांधणीची खतावणी. साठीच्या घरातले दिवाणजी आधी वहीत लिहायचे, मग मशिनवर, आणि दोन्हींची तेरीज जुळली की माझ्याकडे बघून मान हलवायचे. ती मान हलली की मी समजायचे, सॉफ्टवेअर चाललं. पुढे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा दोन महिने मी घरी वेळेवर जेवले नाही, इतकी बोलावणी होती.

त्या टॅलीचंच बघा. बंगळुरूच्या श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना आणि कारखान्यांना सुटे भाग आणि कच्चा माल पुरवण्याचा धंदा होता. हिशेबाला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून त्यांनी मुलाला, भारत गोएंकांना, ते लिहायला सांगितलं. १९८६ ची ही गोष्ट. पुढे भारत गोएंकांना २०२० साली पद्मश्री मिळाली. सोलापुरात ज्या दुकानात संगणक आहे, त्यातल्या बहुतेक दुकानांत टॅली आहे. लोक "हिशेब लिहिला का" असं विचारतच नाहीत, "टॅली मारली का" असं विचारतात. एवढं यश मिळालेल्या या सॉफ्टवेअरच्या कंपनीचा शेअरचा भाव किती? भावच नाही. कंपनी खाजगी आहे, शेअर बाजारात तिची नोंदच नाही. चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचंही तसंच. आपल्या अर्थविषयक पानावर सॉफ्टवेअरचं यश शेअरच्या भावाने मोजायचं ठरलं तर या दोघांना शून्य गुण मिळतील.

आता नोंदणी झालेल्या कंपन्या घेऊ. मायक्रोसॉफ्टचा शेअर डिसेंबर १९९९ मध्ये साठ डॉलरच्या जवळ गेला होता. त्यानंतर ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. एक्सपीबद्दल मी ऐकीव सांगत नाही. माझ्या क्लासमधल्या नऊच्या नऊ मशिनवर ते होतं, पतसंस्थांत होतं, वकिलांच्या टेबलावर होतं, फोटो स्टुडिओत होतं. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने त्याचा आधार काढून घेतला तोवर लोक त्याला धरून होते. कंपनीचं वर्षाचं उत्पन्न २००० साली सुमारे २३ अब्ज डॉलर होतं, ते २०१३ साली जवळपास ७८ अब्जांवर गेलं. नफा दुपटीहून जास्त झाला. आणि शेअर? एवढी सगळी वर्षं बहुतेक काळ वीस ते पस्तीस डॉलरच्या दरम्यान पडून होता. १९९९ चा भाव पुन्हा दिसायला २०१६ चा ऑक्टोबर उजाडला.

याहून बोलकी दोन वर्षं आहेत. जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आलं, इथे बाजार म्हणजे मालाचा बाजार. जगभर त्याच्याबद्दल तक्रारी झाल्या, लोक परत एक्सपी टाकून घेत होते. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टचा शेअर तीसच्या आसपासून पस्तीसच्या वर गेला. ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आलं, सगळ्यांना आवडलं, धडाक्यात खपलं. त्यानंतरच्या पूर्ण वर्षात, २०१० मध्ये, शेअर तीसवरून अठ्ठावीसच्या खाली आला. नावडतं सॉफ्टवेअर आलं तेव्हा भाव चढला आणि आवडतं आलं तेव्हा उतरला. व्हिस्टामुळे चढला आणि सातमुळे उतरला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं तेवढंच चुकीचं होईल. पण त्या दोन वर्षांचे मथळे 'बाजाराची पावती' आणि 'बाजाराची पाठ' असेच लिहिले गेले असते, आणि दोन्ही वेळा वाचकाला उलटं चित्र दिसलं असतं.

असं का होतं, हे सोलापूरकराला शेअरच्या भाषेत सांगण्यापेक्षा जमिनीच्या भाषेत सांगितलेलं लवकर कळतं. बोरामणीला विमानतळ होणार अशी बोलणी सुरू झाली तेव्हा त्या बाजूच्या शेतांचे भाव कसे बोलले जात होते, ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं आहे. त्या शेतात ज्वारी आधी पिकत होती तेवढीच नंतरही पिकत होती. माती तीच, विहिरीचं पाणी तेच. भाव वाढला तो पुढे काय होईल याच्या अंदाजाचा. आणि ज्याने सगळ्यात वरच्या भावाला जमीन घेतली, त्याला पुढे कितीही भरघोस पीक आलं तरी घातलेले पैसे निघायला आयुष्य जाईल. १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा शेअर घेणारा माणूस या दुसऱ्या जागी उभा होता. पुढची कित्येक वर्षं सॉफ्टवेअर उत्तम खपणार, याचे पैसे त्याने आधीच मोजून टाकले होते. पुढे सॉफ्टवेअर खरोखर उत्तम खपलं, पण ते खपेल हे भावात धरलेलंच होतं. मग भाव वाढायला काही उरलंच नाही.

उलट बाजूने इन्फोसिस घ्या. १० एप्रिल २००३ या एका दिवसात तो शेअर सुमारे २७ टक्क्यांनी पडला. त्या दिवशी कंपनीने जाहीर केलेले गेल्या वर्षाचे आकडे वाईट नव्हते, वाढ चांगली होती. पुढच्या वर्षाचा अंदाज मात्र लोकांनी मनात धरला होता त्यापेक्षा कमी निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या ज्या बँकेत इन्फोसिसचं फिनॅकल हे बँकेचं सॉफ्टवेअर होतं, तिथे खाती तशीच उघडली आणि पासबुकं तशीच छापली गेली. एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा तोच प्रकार, एका दिवसात २१ टक्के, आणि कारण तेच: पुढचा अंदाज. हीच ती कंपनी, १९८१ मध्ये पुण्यात दहा हजारांच्या भांडवलावर सुरू झालेली. १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला काढले तेव्हा ते पूर्ण खपलेही नव्हते.

आणि इथे आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या पानावर कधी स्पष्ट केलेली मी पाहिली नाही. इन्फोसिस, टीसीएस यांना आपण सरसकट 'सॉफ्टवेअर कंपन्या' म्हणतो. पण त्यांच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग स्वतःचं सॉफ्टवेअर विकून येत नाही. तो परदेशी बँकांची, विमा कंपन्यांची, दुकानांच्या साखळ्यांची कामं करून येतो. म्हणजे मजुरीवर विणकाम. सूत व्यापाऱ्याचं, नक्षी व्यापाऱ्याची, विणणारे आपण. सोलापुरात मजुरीवर टॉवेल विणून देणारे कारखानदार काय कमी आहेत? मजुरीच्या धंद्यात अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने हात आखडला की शेअर पडतो, डॉलर महाग झाला की वर जातो. त्यात कुठलंही 'उत्पादन' यशस्वी झालेलं नसतं की फसलेलं नसतं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलांच्या घरी हा फरक माहीत असायला हवा. मुलगा कुठल्या कंपनीत लागला हे सांगताना आई-वडील आता शेअरचा भावही सांगतात, म्हणून म्हणते.

माझ्या स्वतःच्या घरात काय झालं तेही लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. १९९७ ते २००० या काळात मी जिल्ह्यातल्या अकरा पतसंस्थांमध्ये एका कंपनीचं पॅकेज बसवून दिलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. पॅकेज चोख होतं. ठेवीचं व्याज, कर्जाचे हप्ते, दिवसअखेरची किर्द, कुठेही पैशाचा फरक यायचा नाही. त्या कंपनीचा शेअर बाजारात होता. फेब्रुवारी २००० मध्ये माझ्या यजमानांच्या विमा पॉलिसीचे पस्तीस हजार हातात आले. त्यांनी मला विचारलं, आणि मी सांगितलं की या कंपनीचं सॉफ्टवेअर मी रोज हाताळते, यापेक्षा खात्रीचं काय असणार. चारशे दहा रुपयांनी शेअर घेतले. २००१ ची दिवाळी आली तेव्हा एकोणीस रुपये भाव होता. त्या पैशांतून थोरल्या मुलीच्या पुण्याच्या वसतिगृहाची तीन वर्षांची सोय व्हायची होती. तिने वसतिगृह सोडून मावशीच्या घरी, रोज दीड तास जायला आणि दीड तास यायला, असं शिक्षण पुरं केलं. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही. मला मात्र ते अजून बोचतं.

आणि पॅकेज? बार्शीच्या एका पतसंस्थेत ते २०११ पर्यंत सुरू होतं. शेअर मेला त्यानंतर दहा वर्षं त्याच्यावर रोजची किर्द निघत होती.

घरी आलेला कंपनीचा वार्षिक अहवाल मी पैसे गेल्यावर उघडला. आधी उघडायला हवा होता. मी ज्याच्या भरवशावर पैसे घातले, त्या पॅकेजपासून मिळणारं उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या दहाव्या हिस्स्याहूनही कमी होतं. बाकीचं सगळं अशा कामांतून दाखवलेलं, ज्यांची मला कल्पनाही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोरचं सॉफ्टवेअर आणि त्या शेअरचा भाव, या दोघांची कधी भेटच झालेली नव्हती. त्या काळात बाजारही तसाच तापलेला होता. केतन पारेख या शेअर दलालाच्या मर्जीतल्या शेअरांना 'के-१०' म्हणत. पेंटामीडिया, सिल्व्हरलाइन, डीएसक्यू अशी नावं घरोघरी बोलली जायची. २००१ च्या मार्चमध्ये सगळं कोसळलं, पारेखला अटक झाली, अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक बुडाली आणि तिच्यात पैसे ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही अडचणीत आल्या. आम्ही घेतलेला शेअर त्या यादीतला नव्हता, पण वारं तेच होतं. ज्या भावात सट्टा मिसळलेला आहे, त्या भावावरून मालाची पारख करता येत नाही, हे मी त्या वर्षी पैसे मोजून शिकले.

कोणी म्हणेल, ते जुने दिवस होते. मग अलीकडचं बघा. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर या भावांनी संगणक दुरुस्तीच्या दुकानातून उभी केलेली क्विक हील. मराठी माणसाने बनवलेलं अँटिव्हायरस म्हणून मी त्याचे डबे अभिमानाने विकले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांनी शेअर विकला गेला आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी त्याच्या बराच खाली गेला. मार्च २०२० मध्ये शंभराच्याही आत होता. २०२४ मध्ये सहाशेच्या वर. माझ्या गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधला व्हायरस ते तिन्ही वर्षी सारखाच पकडत होतं. विंडोजबरोबर फुकटचं अँटिव्हायरस त्याआधीच येऊ लागलं होतं, घरगुती गिऱ्हाईक डबा घ्यायला कां-कू करू लागलं, हे मी दुकानातल्या फळीवरून सांगू शकते. पण ती घट सावकाश, वर्षावर्षाने झाली. शेअरच्या उड्यांशी तिचा मेळ लावायचा मी खूप प्रयत्न केला, लागला नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं उदाहरण मात्र फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीचं आहे. टिळक चौकापासून सात रस्त्यापर्यंत जितके फ्लेक्सवाले आणि लग्नपत्रिका छापणारे आहेत, ते सगळे फोटोशॉप ओळखतात. मे २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे डबा एकदाच विकत घ्यायची सोय नाही, महिन्याचं भाडं भरायचं. वापरणारे चिडले, निषेधाच्या सह्या गोळा झाल्या. त्या वर्षी कंपनीचं उत्पन्न खरोखर घटलं, सुमारे ४.४ अब्ज डॉलरवरून ४.१ अब्जांच्या आत आलं. चाटी गल्लीच्या हिशेबाने हे अपयश. पण त्याच वर्षात शेअर अडतीसच्या आसपासून साठपर्यंत चढला. कारण गुंतवणूकदाराला दिसलं की आता गिऱ्हाईक सुटणार नाही, दर महिन्याला पैसे येत राहणार. हे मला लगेच कळलं, कारण माझा स्वतःचा धंदा तोच आहे. सॉफ्टवेअर बसवून एकदा मिळालेले पाच हजार आणि वर्षाच्या देखभालीचे ठरलेले दोन हजार, यातले मला दोन हजार जास्त प्यारे असतात. त्यांच्यावर मी पुढच्या वर्षीचा किराणा धरू शकते. अशा वेळी शेअरचा भाव एक खरी गोष्ट सांगत असतो, हे मी मान्य करते. फक्त ती गोष्ट 'फोटोशॉप चांगलं झालं का' ही नसते. कंपनीची गिऱ्हाइकावरची पकड किती घट्ट झाली, ही असते. आणि वापरणाऱ्याचं हित त्याच्या नेमकं उलट दिशेला असू शकतं.

पकडीचाच आणखी एक दाखला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते फोटो आपणही छापले होते. सॉफ्टवेअर याहून उघडपणे काय फसणार? शेअर त्या दिवशी अकरा टक्क्यांच्या आसपास पडला, दोन-अडीच आठवड्यांत एक तृतीयांशाहून जास्त गेला, आणि काही महिन्यांत पूर्वीच्या भावाला परत आला. मोठ्या गिऱ्हाइकांना ते काढून दुसरं बसवणं सोपं नव्हतं.

याचा अर्थ शेअर आणि सॉफ्टवेअर यांचा काहीच संबंध नाही, असा मी काढत नाही. कोणी घेतच नाही अशा मालावर कंपनी पंधरा-वीस वर्षं भाव टिकवू शकत नाही. २०१४ मध्ये हैदराबादचे सत्या नाडेला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले, त्यानंतर शेअर जो चढत गेला, त्याच्यामागे मोठ्या कंपन्यांना भाड्याने दिले जाणारे त्यांचे दूरचे संगणक आणि वर्गणीवर गेलेलं ऑफिस होतं. ते यश खरं आहे. पण आपण पडद्यावर बघतो त्या विंडोजचं ते नाही, आणि दिसायलाही वर्षं लागली. सोमवारी पडलेल्या शेअरवरून मंगळवारच्या अंकात सॉफ्टवेअरचा निकाल लावता येईल, असा तो संबंध नाही.

सोलापूरला तर हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी मिल, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १९४९ मध्ये बंद पडली. सरकारने त्यामागचं कारण गैरकारभार असं सांगितलं आणि १९५० च्या जानेवारीत मिलचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक थेट नव्या सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५० मध्ये बहुमताने त्याचा अर्ज फेटाळला गेला. कंपनी ही एक व्यक्ती आणि भागधारक ही दुसरी, हे त्या निकालात मांडलेलं आहे, आणि कायद्याचे विद्यार्थी आजही तो आपल्या शहराच्या नावासकट शिकतात. मागावरून निघालेलं कापड ही त्यातली तिसरी गोष्ट. ही तीन वेगळी आहेत, हे ज्या गावाने पंचाहत्तर वर्षांपूर्वी पाहिलं, त्या गावच्या वर्तमानपत्राने ती मथळ्यात एक करू नयेत, एवढं मला वाटतं.

तेव्हा माझ्या मागण्या. मथळ्यात नुसता 'बाजार' लिहू नका, 'शेअर बाजार' लिहा. तीन अक्षरं जास्त लागतील, लागू द्या. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर पडला किंवा चढला की विक्रीचा आणि उत्पन्नाचा आकडा शेवटच्या ओळीत न टाकता दुसऱ्या परिच्छेदात द्या, आणि त्याच्याशेजारी लोकांची अपेक्षा किती होती तेही द्या. अपेक्षेचा आकडा नसेल तर भाव का हलला हे वाचकाला कळूच शकत नाही. कंपनीच्या उत्पन्नातला किती हिस्सा त्या नाव घेतलेल्या सॉफ्टवेअरचा आहे, हे शक्य असेल तिथे सांगा. हा एक आकडा २००० साली कुठल्याही पेपरात माझ्या नजरेस पडला असता तर आमचे पस्तीस हजार घरात राहिले असते. आणि सॉफ्टवेअर यशस्वी आहे की नाही हे लिहायचंच असेल, तर आपला वार्ताहर मुंबईच्या दलालाला फोन करतो तसा एक फोन इथल्या फ्लेक्सवाल्याला, एका लेखापालाला, एका कारखानदाराला करू दे. वर्षाचं नूतनीकरण केलंत का आणि नसेल तर का नाही, एवढं विचारलं तरी पुरे. मी नावं सुचवायला तयार आहे.

त्या मुलाला मी मंगळवारी रात्री हेच करायला सांगितलं. म्हटलं, फी भरायची का नाही हे मीही सांगणार नाही आणि पेपरही सांगणार नाही. साखर पेठेत आणि एमआयडीसीत ग्राफ काढणारे, जॅकार्डचं कार्ड पंचिंग करणारे पाच जण गाठ, त्यांच्या मशिनवर काय उघडलेलं आहे ते डोळ्यांनी बघ, आणि पुढच्या वर्षी ते काय ठेवणार आहेत ते विचार.

शनिवारी तो क्लासवर येऊन गेला. पाचपैकी तिघांकडे तेच सॉफ्टवेअर होतं, चौथ्याकडे जुनं दुसरं काहीतरी, आणि पाचवा अजून चौकटीच्या कागदावर हाताने रंग भरतो. त्या पाचव्याने याला विचारलं, माझ्याकडे येऊन संगणकावर करून देशील का. मुलाने नऊ हजार भरले आहेत.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
साखर पेठ, सोलापूर